सासऱ्यांशी राजकारण बोलायचंय? आधी एवढं वाच

अरे टेन्शन नको घेऊ, २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा आमच्याकडे सासरे एकीकडे, मेहुणा दुसरीकडे, मी तिसरीकडेच, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रवादीपण फुटली म्हणजे मामेसासऱ्यांचाही वेगळा गट, तरी गणपतीला पंगत एकच बसते. नवीन जावई म्हणून सध्या एवढंच सांभाळ:

- फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की तिथेच "हे फेक आहे" टाकू नकोस. मी टाकलं होतं, सासरे ग्रुपमधून लेफ्ट, नंतर महिनाभर फोनवर फक्त "थांबा, हिला देतो". सांगायचंच तर एकटे असताना सांग.
- "तुमचे लोक" हा शब्द तर अजिबात नको.
- वाद घालायच्या आधी विचार की तुम्ही यांनाच मत का देता. आमच्या सासऱ्यांचं निघालं की ८२ च्या गिरणी संपात घरात पगार नव्हता तेव्हा शाखेतल्या पोरांनी धान्य आणून टाकलेलं, आता यावर मी काय बोलणार, गप चहा प्यायलो.

आरक्षण वगैरे विषय पहिल्या वर्षी काढूच नकोस, ते नंतर बघू. आणि जेवताना डिबेट चालू असेल तर रिमोट हळूच सासूबाईंकडे सरकव, त्या बरोबर सिरीयल लावतात.