रोहित पक्षी बगळ्यांच्या कुळातला आहे का?

नाही. खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर हिवाळ्यात येणारे रोहित लांब पाय आणि लांब मान यांमुळे बगळ्यांचे भाऊबंद वाटतात, आणि पूर्वी अभ्यासकही त्यांना करकोच्यांच्या जवळचे मानत असत. परंतु जनुकीय तपासणीनंतर असे दिसून आले की, त्यांची सर्वांत जवळची नातलग म्हणजे आपल्या पाझर तलावांत सतत बुड्या मारणारी, मूठभर आकाराची टिबुकली. (दोघांना शेजारी पाहून हे पटणे कठीणच!) तसाच ससाणा गरुडापेक्षा पोपटाला जवळचा ठरला आहे. जगात पक्ष्यांच्या सुमारे 11,000 जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक चिमणी, कावळा, बुलबुल यांच्या एकाच गणात मोडतात. रोहितांच्या जाती मात्र अवघ्या 6 आहेत.