वाचकांचे प्रश्न : करवाद ट्रायब्युनलपर्यंत केव्हा पोहोचतो?

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात माझी गुळाची अडत आहे. सौद्याची रक्कम माझ्या खात्यात जमा होते आणि अडत वजा करून उरलेले पैसे पट्टीप्रमाणे शेतकऱ्यांना दिले जातात. प्राप्तिकर खात्याने मात्र बँकेत भरलेली ३८ लाख रुपयांची रोख माझेच उत्पन्न धरली. त्या आदेशावर दिल्लीच्या केंद्राचे नाव आहे. मी ऑनलाइन अपील केले, परंतु सुनावणीच्या नोटिसा जुन्या सल्लागारांच्या ई-मेलवर गेल्या आणि कोणीच उत्तर दिले नाही म्हणून अपील फेटाळले गेले. आता कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावावा, दिल्लीला जावे, की कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे दाद मागावी?
— एक अडते, कोल्हापूर

उत्तर : कसबा बावड्याचा विचार प्रथम सोडून द्यावा. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम २९३ नुसार या कायद्याखालील आदेश रद्द करून किंवा बदलून मागणारा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. आपला मार्ग प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातल्या ट्रायब्युनलचा आहे. ही संस्था १९४१ पासून अस्तित्वात असून ती कर खात्याच्या नव्हे, तर केंद्रीय विधी मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. खात्याविरुद्धचे गाऱ्हाणे खात्यानेच ऐकायचे, असे वाटून अनेकजण पहिल्या अपिलानंतर थांबतात. ती समजूत येथे लागू पडत नाही.

ट्रायब्युनलला अधिकार केव्हा मिळतो, हे समजून घेताना एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सर्वसाधारण प्रकरणात निर्धारण अधिकाऱ्याचा, म्हणजे उत्पन्न व कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा, आदेश थेट ट्रायब्युनलसमोर नेता येत नाही. तेथे आव्हान द्यायचे असते ते पहिल्या अपिलावरील आदेशाला. कलम २५३ मध्ये ज्या आदेशांची नोंद आहे, त्यांपैकी एखादा आदेश हाती असेल तरच ट्रायब्युनलचे दार उघडते; अन्याय कितीही उघड असला तरी त्याखेरीज उघडत नाही. आपण पहिले अपील केले होते आणि ते फेटाळल्याचा आदेशही आपल्याकडे आहे, त्यामुळे ही अट पूर्ण झाली आहे. आपले अपील गुणावगुणांचा विचार न करता केवळ गैरहजेरीमुळे फेटाळले गेले असेल, तर तोच आपला सर्वांत भक्कम मुद्दा ठरेल. कलम २५०(६) नुसार अपील आयुक्तांनी मुद्दे, निर्णय आणि कारणे लिहून द्यावी लागतात आणि निव्वळ गैरहजेरीसाठी अपील फेटाळण्याचा अधिकार त्यांना नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे.

दिल्लीला जाण्याचे कारण नाही. निर्धारणाची प्रक्रिया आता चेहराविरहित, म्हणजे अधिकारी व करदाता समोरासमोर न येता ऑनलाइन, झाल्यामुळे आदेश कोठूनही निघू शकतो. परंतु कोणते खंडपीठ सुनावणी घेईल, हे आपल्या निर्धारण अधिकाऱ्याचे कार्यालय जेथे असेल त्यावरून ठरते. करदात्याचे घर किंवा दुकान कोठे आहे, यावरून ते ठरत नाही. आपले अधिकारी कोल्हापूरचेच असतील, तर अपील पुणे खंडपीठाकडे जाईल. निर्धारित उत्पन्न ५० लाख रुपयांच्या आत असल्यास एकच सदस्य ते ऐकू शकतो.

यापुढचा प्रश्न मुदतीचा आहे, आणि आपल्या पत्रात नेमकी तारीख दिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मुदत अशी मोजतात : आदेश ज्या महिन्यात मिळाला, तो महिना संपल्यापासून दोन महिने. ऑगस्टच्या १२ तारखेला आदेश मिळाला असेल, तर ऑक्टोबरअखेरपर्यंत वेळ असतो. पूर्वी सरळ ६० दिवस मोजत, आणि काही जुन्या सल्लागारांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो. मुदत उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडावा. नोटिसा कोणत्या पत्त्यावर गेल्या आणि आदेश आपल्याला केव्हा व कसा समजला, हे त्यात तारखेनिशी लिहावे. ‘प्रकृती बरी नव्हती’ यासारख्या मोघम वाक्याने काम होत नाही. अपील फॉर्म ३६ मध्ये करावयाचे असून निर्धारित उत्पन्न दोन लाखांवर असल्यास शुल्क त्या उत्पन्नाच्या एक टक्का, परंतु जास्तीत जास्त १०,००० रुपये असते.

केवळ अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो, आणि कलम २५४(२अ) नुसार स्थगितीसाठी खात्याने मागितलेल्या रकमेच्या किमान २० टक्के रक्कम भरण्याची किंवा तेवढे तारण देण्याची अट आहे. सौद्याच्या पट्ट्या व शेतकऱ्यांना दिलेल्या रकमांच्या नोंदी आपण खालच्या पायरीवर दाखल केल्या नसतील, तर ट्रायब्युनलमध्ये त्या हक्काने मांडता येत नाहीत. परवानगी मागावी लागते. अशा प्रकरणात ट्रायब्युनल बहुधा वाद फेरसुनावणीसाठी परत पाठवते, आणि माझ्या मते आपण तीच मागणी आधी करावी.

सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, याचा आनंद सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना आहेच. परंतु ते मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ आहे, ट्रायब्युनलचे नव्हे. कलम २६०अ खाली उच्च न्यायालय कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच लक्ष घालते, तेही ट्रायब्युनलच्या निर्णयानंतर. रोख कोणाची होती हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आणि वस्तुस्थितीबाबत साधारणपणे ट्रायब्युनलचाच शब्द अखेरचा असतो. नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्यास रिट याचिका करता येते हे खरे. तथापि अपिलाची सोय असताना न्यायालय बहुतेक वेळा तिकडेच पाठवते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. बँकेने कापलेला टीडीएस माझ्या विवरणपत्रात धरला गेला नाही आणि कलम १४३(१) ची, म्हणजे विवरणपत्राच्या प्राथमिक तपासणीनंतरची, सूचना आली. थेट ट्रायब्युनलकडे जाता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही, आणि त्याची गरजही दिसत नाही. कलम १५४ खाली चूकदुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करावा. त्यासाठी आदेशाचे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत असते. बँकेनेच नोंद केली नसल्यास प्रथम बँकेकडून ती दुरुस्त करून घ्यावी. पहिल्या अपिलाचे ३० दिवस मात्र दुरुस्तीची वाट पाहण्यात जाऊ देऊ नयेत.

प्रश्न : माझा व्यवसाय कोल्हापुरात आहे, पण छाननीची नोटीस सांगलीच्या अधिकाऱ्याने काढली. हा मुद्दा ट्रायब्युनलमध्ये काढता येईल का?
— एक फाउंड्रीचालक, शिरोली

उत्तर : अधिकाऱ्याच्या हद्दीबाबतची हरकत कलम १२४(३) नुसार नोटीस मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत, किंवा निर्धारण त्याआधी पूर्ण होत असल्यास त्यापूर्वी, घ्यावी लागते. ती घेतली नसेल, तर नंतर ट्रायब्युनलमध्ये हा मुद्दा सहसा टिकत नाही. कलम १४३(२) ची, म्हणजे छाननीची, नोटीसच मुदतीत निघाली नसेल तर गोष्ट निराळी. तो दोष मुळावर घाव घालणारा असल्याने ट्रायब्युनलसमोर प्रथमच मांडता येतो. म्हणून नोटिशीवरील कार्यालयाच्या नावाबरोबर तिची तारीखही तपासावी. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले, ते संपल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, म्हणजे ३० जूनपर्यंत, ती आपल्यावर बजावली गेलेली असली पाहिजे.