कामगार कायद्याची वकिली करताना संसार आणि देवधर्म दोन्ही सांभाळता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कायद्याचं शेवटचं वर्ष संपत आलंय, लेबरमध्ये वकिली करायची आहे, घरात वारीची परंपरा आहे, लग्नही ठरलंय. या कामात घर आणि श्रद्धा टिकते, की सगळं सोडून चळवळीत झोकून द्यावं लागतं?

मी पुणे-पिंपरी पट्ट्यात कामगारांच्या बाजूने वकिली करते. नवरा नोकरीत, दोन मुलं, सासूबाई माळकरी आणि आता मीही माळ घातलेली. युनियनमधले कॉम्रेड माझ्या माळेची यथेच्छ चेष्टा करतात, त्याला माझी हरकत नाही. उत्तर विचाराल तर दोन्ही टिकतं. फक्त तुम्हाला जिथे ताण येईल असं वाटतंय, तिथे तो फारसा येत नाही.

वेळेचं आधी सांगून टाकते. फौजदारीवाल्यांसारखी रात्री-अपरात्री अटक, रिमांड, जामीन ही धावपळ इथे नाही. कोर्टात समोरच्याने 'से', म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करायला मुदत मागितली की त्या मॅटरचं त्या दिवशीचं काम संपलं. खरी अडचण कोर्ट सुटल्यावर सुरू होते. कामगार शिफ्ट संपवून येतो, युनियनची मंडळी आठनंतर उगवतात, आणि रविवारी सगळ्यांनाच सवड असते. घरच्यांना तुम्ही ज्या वेळी हवे असता, नेमकी तीच पक्षकाराची वेळ.

मी रविवारी ऑफिस बंद ठेवते. सुरुवातीला एक ज्येष्ठ कार्यकर्ते यावरून चिडले होते. 'कामगाराचा वकील आणि रविवार बंद?' म्हणाले. मी त्यांना नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करून दिली. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती तेव्हा त्यांनी ती मागितली, आणि त्या मागणीत एक मुद्दा असाही होता की रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला आपल्या देवासाठी मोकळीक हवी. 10 जून 1890 पासून ती सुट्टी मिळाली. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमातही कलम 52 मध्ये साप्ताहिक सुट्टी होतीच. आपण कामगारांसाठी ज्या सुट्टीवर हक्क सांगतो ती देव आणि घर डोळ्यांसमोर ठेवून मागितलेली होती. मग वकिलाने ती घेतली तर निष्ठेत कुठे खोट आली? कार्यकर्ते गप्प बसले नाहीत, पण शनिवारी यायला लागले.

वारीचं गणित थोडं अवघड आहे. कोर्टाची उन्हाळी सुट्टी मेमध्ये, आणि पालख्या निघतात जून-जुलैत, म्हणजे कामं नुकतीच सुरू झालेली असताना. पूर्ण वारी मला जमत नाही. सासूबाई आळंदीहून निघतात, मी पुण्यापासून सासवडपर्यंत, दिवे घाट चढून परत येते. त्या दिवसाची तारीख बदलून मागितली तर समोरचे वकीलही सहसा आडवे येत नाहीत. पण एखाद्याचा अंतरिम अर्ज लागलेला असेल, किंवा अनुचित श्रमप्रथेच्या तक्रारीची 90 दिवसांची मुदत संपत आलेली असेल, तर घाट पुढच्या वर्षी. हे मी आधीच ठरवून टाकलंय, त्यामुळे दरवर्षी जिवाची ओढाताण होत नाही.

आता ताण जिथे खरोखर येतो ते सांगते. तो शपथेवर येतो.

नोकरीवरून काढलेल्या कामगाराची केस वर्षानुवर्षं चालते. जिंकला तर पुन्हा कामावर घेण्याचा आदेश होतो, आणि मग मधल्या काळाच्या पगाराचा, म्हणजे बॅक वेजेसचा प्रश्न येतो. त्यासाठी त्याला शपथेवर सांगावं लागतं की दरम्यान आपल्याला कमाईचं दुसरं काम नव्हतं. नव्या श्रम संहितांआधीच्या केसमध्ये कंपनी हायकोर्टात गेली तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 17-ब खाली शेवटच्या पगाराइतकी रक्कम दरमहा मागता येते, आणि तिथेही आपण कुठल्या आस्थापनेत नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र लागतं. आता तुम्हीच सांगा, घरात म्हातारे आईवडील आणि शाळेतली पोरं असताना कुठला माणूस इतकी वर्षं हातावर हात ठेवून बसेल? कुणी टेम्पो चालवतो, कुणी हातगाडी लावतो. मग तो समोर बसून विचारतो, 'मॅडम, काहीच करत नव्हतो म्हणून सांगू? कुणाला कळतंय?'

मी तसं लिहून देत नाही. पोटापुरती भाजी विकणं म्हणजे दुसरी नोकरी नव्हे, हे कोर्टाला पटवता येतं, आणि अनेकदा पटतंही. पण दर वेळी नाही. टेम्पो चालवणारा एक पक्षकार माझं ऐकून उठला, दुसऱ्या वकिलाकडे गेला आणि परत आला नाही. भाजीवाल्याने उलटतपासणीत सगळं खरं सांगितलं. त्याला नोकरी परत मिळाली, मागचा पगार मात्र अर्धाच. खोटं बोलला असता तर कदाचित पूर्ण मिळाला असता. त्याची बायको अजून माझ्याशी तुटक बोलते, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. तिच्या घराचे पैसे माझ्या माळेपायी गेले, असा तिचा हिशेब. माझं म्हणणं एवढंच की खोटं उघडं पडलं असतं तर नोकरीही हातची गेली असती. पण हे म्हणणं मी तिला पूर्ण पटवू शकलेले नाही. श्रद्धेची किंमत आपण मोजतो असं आपल्याला वाटतं, पण या धंद्यात ती कधी कधी पक्षकार मोजतो. तुम्हाला हे पेलणार आहे का, ते आधी तपासा. नाम-जपाला वेळ मिळेल का, हा त्यापुढे फार सोपा प्रश्न आहे.

घरावर दुसरं काय येतं, तर दुसऱ्यांची घरं. केस चालू असताना कामगार वारला तरी ती संपत नाही, त्याच 1947 च्या कायद्याच्या कलम 10(8) मध्ये तशी तरतूद आहे. मग त्याची बायको-मुलं वारस म्हणून येतात आणि तो अर्ज आपणच लिहायचा असतो. ज्या दिवशी असा अर्ज लिहिते त्या संध्याकाळी मी घरात कुणाच्या उपयोगाची नसते. नवऱ्याला आता ते चेहऱ्यावरून कळतं, तो मुलांना घेऊन बाहेर जातो. फाइल घरी आणू नये असा माझा नियम आहे, पण दिवस कसा गेला ते घरी सांगावं. न सांगता धुमसत राहणारे वकील मी पाहिलेत. 'हे माझं व्रत आहे' असं म्हणतात आणि त्यांच्या मुलांना बापाशी काय बोलावं ते कळत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा 'पैसे मिळाले की टक्के द्या' हा मार्ग बंद समजा. बेकार माणसाकडून हप्त्याहप्त्याने फी येते, कधी येतच नाही. शिवाय 1947 च्या त्याच जुन्या कायद्याच्या कलम 36(4) प्रमाणे लेबर कोर्टात वकिलाने उभं राहायला समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते. बहुतेक वेळा कुणी हरकत घेत नाही, पण युनियनचा मुरलेला पदाधिकारी स्वतःच केस चालवतो आणि कित्येक वकिलांपेक्षा चांगली चालवतो. कंपनीच्या बाजूला दरमहा ठरलेला रिटेनर, म्हणजे बांधलेली फी, असते. देवाला मानणाऱ्याने तिकडे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. कामगाराला आरोपपत्र नीट देऊन, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊन खातेनिहाय चौकशी करायला लावणारा कंपनीचा वकील मला आपल्या बाजूच्या भाषणबाजापेक्षा जवळचा वाटतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये 29 जुन्या केंद्रीय कायद्यांच्या जागी 4 श्रम संहिता लागू झाल्या. जुन्या केसेस आहेत तोवर जुनी कलमं सुटणार नाहीत, त्यामुळे पहिली काही वर्षं तुम्हाला दोन्ही वाचावं लागेल, आणि ते वाचन रात्री, घरच्या वेळेतूनच होईल. हे आणि हप्त्याने येणाऱ्या फीचं, दोन्ही लग्नाआधी जोडीदाराला सांगून ठेवा. आणि सीनियर निवडताना त्यांच्या ऑफिसात एखाद्या शनिवारी संध्याकाळी जाऊन बसा. पक्षकाराला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवून मग सही घेतात, की नुसतं सहीच्या जागी बोट ठेवतात, तेवढं बघा.