'कॅन्सल करा' तुम्ही लिहिलंत, पण बुकिंग मोडलं कोणी?

प्रश्न थोडक्यात असा. मागच्या मे महिन्यात सुट्ट्या संपायला आल्या तेव्हा या वाचकांच्या घरी ऐनवेळी ठरलं की सगळ्यांनी मिळून चार दिवस कुठेतरी खेड्यात, शांत जागी जायचं. ॲपवर एक घर आवडलं, दोन्ही खोल्या तळमजल्यावर, पुढे अंगण, आईंना जिना चढवत नाही म्हणून मुद्दाम तेच निवडलं. निघायच्या सहा दिवस आधी पूर्ण पैसे भरले, पण ॲपवर नाही, 'डायरेक्ट दिलेत तर कमी करतो' असं मालक म्हणाला म्हणून सरळ त्याला यूपीआय केलं. जायच्या आदल्या दिवशी मालकाचा मेसेज आला, ते घर आता देता येत नाही, दुसरं देतो, तेही छान आहे. दुसरं घर पहिल्या मजल्यावर. यांनी रागात उत्तर दिलं, 'मग कॅन्सल करा आणि पैसे परत पाठवा.' तेव्हापासून मालकाचं एकच पालुपद, कॅन्सल तुम्ही केलंत, नियमाप्रमाणे रिफंड नाही. आता यंदाही सुट्टीचं असंच घाईघाईत चाललंय आणि मालक म्हणतोय या वर्षी येऊन राहा, ॲडजस्ट करून टाकू. काय करावं?

नावं बदलून हाच प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, त्यामुळे अटी आधी वाचाव्या, ओळख नसताना सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत वगैरे मी परत सांगत बसत नाही, ते तुम्हालाही आता कळलंय. तुमच्या चार पानी पत्रात साडेतीन पानं मालक फोनवर किती उर्मटपणे बोलला याची आहेत. त्याचा केसला काडीचा उपयोग नाही. उपयोगाची आहे ती शेवटच्या पानावर तुम्ही जाता जाता उतरवलेली अट: 'आगमनाच्या तारखेआधी १४ दिवसांच्या आत पाहुण्यांनी बुकिंग रद्द केल्यास भरलेली रक्कम परत मिळणार नाही.'

आता हिशोब बघा. तुम्ही बुकच सहा दिवस आधी केलंत, म्हणजे पैसे गेले त्या मिनिटापासून तुम्ही या अटीच्या आत होतात, फुकटात कॅन्सल करायची संधी तुम्हाला कधी नव्हतीच. ऐनवेळी बुकिंग करणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं आणि प्रत्येकाला ते नंतर कळतं. हे अन्यायाचं आहे का, तर वाटतं खरं, पण या मुद्द्यावर भांडायला गेलात तर मालकाला सोपं उत्तर आहे, की आदल्या दिवशी मला दुसरं गिऱ्हाईक कुठून मिळणार होतं. करार कायदा १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. त्या जोरावर काही भाग कदाचित परत मिळेल, किती मिळेल ते मी सांगणार नाही, कारण ते समोर कोण बसलंय आणि मालक नुकसान कितपत दाखवू शकतो यावर आहे.

पण मुळात या अटीत शिरायचंच कशाला? अट पाहुण्याने रद्द केलं तर लागू होते. तुम्ही रद्द केलंच नाहीत. ठरलेलं घर देणार नाही असं आधी मालकाने कळवलं, तुमचं उत्तर त्यानंतरचं आहे. कलम ३९ असं आहे की एका पक्षाने करार पाळायला पूर्ण नकार दिला तर दुसरा पक्ष तो करार संपवू शकतो. तुम्ही 'कॅन्सल' हा शब्द वापरलात म्हणून तुम्ही मोडलं असं होत नाही, मोडलेला करार तुम्ही फक्त संपवलात. मग कलम ७५ खाली भरपाईसुद्धा मागता येते. म्हणजे सगळी केस दोन मेसेजच्या वेळेवर उभी आहे, त्याचा किती वाजता आला आणि तुमचा किती वाजता गेला.

आणि नेमकं तेच चॅट तुम्ही रागाच्या भरात डिलीट करून त्याला ब्लॉक केलंत. काय बोलणार. पुरावा म्हणजे आपण ज्याच्यावर चिडलोय त्याचेच मेसेज असतात हो, ते जपायचे असतात.

नशीब तुमचं की त्याचा मेसेज आल्या आल्या तुम्ही स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला होतात आणि तो तुमच्या मेहुण्यांच्या फोनमध्ये अजून आहे. आता त्यांना सांगा फोन बदलू नका, रिसेट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका, स्क्रीनशॉटचा परत स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, ते पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते ज्यांच्या फोनमधून पुरावा काढला त्यांच्याकडून, म्हणजे मेहुण्यांकडून घ्या. नमुन्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ग्राहक आयोगात, म्हणजे तुमची तक्रार पुढे जिथे जाईल तिथे, पुराव्याच्या नियमांचा कोर्टाइतका कीस काढत नाहीत, तरी समोरचा वकील पहिला आक्षेप इथेच घेणार, म्हणून आत्ताच करून ठेवा. बँक स्टेटमेंटमध्ये पैसे दिल्याची तारीख आहेच. ॲपवरची ती जाहिरात अजून दिसत असेल तर आज, हो आजच, पूर्ण पान तारखेसकट सेव्ह करा, कारण 'तळमजला' हे फक्त तिथेच लिहिलेलं आहे. तुम्ही फोनवर सांगितलं होतंत म्हणता, फोनवरचं कोण सिद्ध करणार?

मालक अजून एक अट पुढे करेल, 'अपरिहार्य कारणास्तव त्याच दर्जाची पर्यायी जागा देण्यात येईल'. इथे मी शंभर टक्के खात्री देत नाही. दोन खोल्या त्या दोन खोल्या असं तो म्हणेल, तुम्ही म्हणाल की जिना न चढू शकणाऱ्या माणसाला ती जागा त्याच दर्जाची नाही. मला तुमची बाजू बरीच जड वाटते, पण जाहिरातीतला तळमजला कागदावर आला तरच. शिवाय 'अपरिहार्य कारण' काय होतं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही, ते नोटिशीत विचारा. तेच घर त्याने दुसऱ्या कोणाला जास्त पैशात दिलं असेल तर ते अपरिहार्य नव्हे. 'ही अटच अन्यायकारक आहे' असं डिक्लेअर करून घ्यायच्या भानगडीत मात्र पडू नका, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्याकडे नाही, आणि उगाच तुमची साधी केस एक पायरी वर जाऊन बसेल. सेवेत कमतरता एवढंच म्हणा.

ॲपवाल्यांबद्दल विचारलंत. 'फक्त १ घर शिल्लक' असं लाल अक्षरात दाखवून घाई करायला लावली, हे खरं असेल तर त्याला खोटी निकड म्हणतात आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नवरच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांवरच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याला मनाई आहे. तक्रार जरूर करा. पण पैसे तुम्ही ॲपच्या बाहेर दिलेत, त्यामुळे तुमचा रिफंड त्यांच्याकडून निघेल अशी आशा मी ठेवणार नाही. ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये तर कंपनी स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तेवढाच चार्ज सोसत नसेल तर ग्राहकालाही कॅन्सलेशन चार्ज लावता येत नाही असं आहे, किती कामाला आलं असतं ते, पण थोड्या डिस्काउंटसाठी ते दार तुम्हीच बंद केलंत.

आता यंदाच्या ॲडजस्टबद्दल. नाही. पैसे वसूल होतायत तर होऊ देत असं घरात सगळे म्हणत असतील, मला कल्पना आहे, ऐन उन्हाळ्यात दुसरी जागा मिळत नाहीये हेही मान्य, पण पैशाऐवजी दुसरं काही समाधान म्हणून एकदा स्वीकारलंत की करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जुनी मागणी संपली. आणि तोंडी 'येऊन राहा' म्हणणारा हाच माणूस आहे ना, ज्याने आदल्या दिवशी घर बदललं? त्याला 'बघतो', 'ठीक आहे' असंसुद्धा उत्तर देऊ नका.

या आठवड्यात नोटीस जाऊ दे, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. नोटीस तुम्ही स्वतः लिहिलीत तरी चालेल, फक्त त्यात 'आम्ही कॅन्सल केलं' असं चुकूनही लिहू नका. लिहायचं ते असं: 'अमुक तारखेला अमुक वाजता आपण ठरलेले घर देण्यास नकार दिलात, त्यामुळे करार संपुष्टात आला, भरलेली पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी.' एवढंच. उर्मटपणाची साडेतीन पानं नकोत. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्यानेच माणूस जागा होतो.

नाही दिले तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते, ते घर कुठल्याही टोकाला असू दे, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते, पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही (माझं नुकसान, पण खरं आहे). मुदत दोन वर्षं, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९. त्यातलं जवळजवळ एक वर्ष तुम्ही 'देईल हो, सज्जन वाटतो' यात घालवलंत. उशीर माफ होऊ शकतो पण त्याला सबळ कारण लागतं आणि सज्जन वाटणं हे कारण नाही.

किती दिवस लागतील विचारू नका. कायद्यात लिहिलंय की मालाची तपासणी लागत नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडतात, आयोगातल्या सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात, समोरचा वेळ मागतो. त्यातल्या एकाच गोष्टीला चाप आहे, लेखी उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर अजून १५, त्यापुढे नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ते पक्कं केलंय. ४६ व्या दिवशी उत्तर आलं तर लगेच हरकत घ्या, कुणी आपणहून घेणार नाही. मानसिक त्रासाची रक्कम मागा, पण त्यावर पुढच्या सुट्टीचं प्लॅनिंग करू नका.

आणि यंदा दुसरीकडे बुकिंग करताय तर पैसे पाठवायच्या आधी मालकाला एक मेसेज टाका, 'आईंना जिना चढता येत नाही, तळमजल्याचं घर मिळालं नाही तर पूर्ण पैसे परत, बरोबर?' त्याचं 'हो' आलं की मगच यूपीआय उघडा. आणि ते चॅट डिलीट करू नका.