कार्ड आहे, मग कॉल कधी येणार?

प्रश्न : मुलाचा आयटीआय फिटर झालाय. गेल्या वर्षी 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवलं, तेव्हापासून कॉल येईल म्हणून घरीच आहे. त्याचे बाबा म्हणतात, 'मलाही असाच कॉल आला होता, धीर धर.' वाट पाहायची का? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत. मी सेवायोजन कार्यालयात (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये) लागलो तेव्हा नाव नोंदवल्याचं कार्ड म्हणजे रांगेतला नंबरच होता. सरकारी खात्याने जागा कळवली की शिक्षण आणि नोंदणीची तारीख बघून आम्ही नावं पाठवायचो. त्यामुळे ज्येष्ठता जाऊ नये म्हणून पोरं नूतनीकरणाला न चुकता हजर. पण एकदा शिक्का पडला की निवांत! 'बाकी कुठे अर्ज केलास का रे?' विचारलं की, 'कार्ड आहे ना साहेब.' नाव नोंदवणं म्हणजेच नोकरी शोधणं, हा समज काही अंशी आमच्याच खिडकीवर तयार झाला.

पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फक्त या कार्यालयाने पाठवलेल्या नावांवर भरती उरकू नका, जाहिरातही द्या. रांगेचं महत्त्व तिथेच गेलं. खासगीचं म्हणाल, तर १९५९च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना रिक्त जागा कळवायला लावल्या. पण आमच्या यादीतलाच माणूस घ्या, अशी सक्ती त्यात कधीच नव्हती.

आता पोर्टलवर जागा दिसतात, अर्ज ज्याचा त्याने करायचा. आधी त्याच्या प्रोफाइलमधला मोबाइल नंबर चालू आहे का बघा. पोरं सिम बदलतात आणि मेसेज जुन्या नंबरवर जात राहतात. शिकाऊ उमेदवारी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर फिटरने आधी तीच धरावी. विद्यावेतन मिळतं, हात बसतो.

आणि त्याला सोलापूरच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात पाठवा. तिथे पुढचा रोजगार मेळावा कधी, हे विचारायचं आणि बायोडेटा दाखवून त्यातल्या उणिवा काढून घ्यायच्या. मेळाव्यात कंपनीची माणसं समोर बसून मुलाखत घेतात. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि फोटो जास्तीचे न्यावेत, एका टेबलावरून उठून लगेच दुसऱ्यावर बसता येतं. मात्र बाबांना सोबत धाडू नका. बाप शेजारी असला की उत्तरं बापच देतो, हे मी फार बघितलंय.