गणितापासून पळून इकडे येऊ नकोस

तुझं पत्र सविस्तर आहे, ते बरं झालं. पाण्याचं आणि माशांचं तुला लहानपणापासून वेड आहे. गणिताशी तुझं जमत नाही, म्हणून मत्स्यविज्ञान आणि जलपरिसंस्थाशास्त्र या जोडविषयाची पदवी तुला सुरक्षित वाटते. घरचे मात्र विचारतात, शेवटी तळ्यात मासेच वाढवायचे तर विद्यापीठ कशाला? शिवाय तुला बोट लागते.

आधी गणिताचं बोलू, कारण तिथेच तुझा अंदाज चुकतोय. या विषयाचा गाभा मोजणी आहे, आणि मोजायचं ते डोळ्यांना न दिसणारं. जाळ्यात आलेल्या माशांवरून न आलेल्यांचा अंदाज बांधायचा असतो. तो चुकला की काय होतं ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने भोगलं. तिथला कॉड माशांचा साठा घटत होता, पण उरलेले मासे दाटीने एकत्र येत आणि ट्रॉलर, म्हणजे जाळी ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, नेमके तिथेच जात, त्यामुळे जाळी भरूनच येत राहिली. त्या आकड्यांवर भिस्त ठेवल्याने साठ्याचे अंदाज फुगले. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला आणि बंदी उठायला २०२४ उजाडलं.

मग मोजतात कसं? माशाच्या आतल्या कानात चुन्याचे चिमुकले खडे असतात, त्यांना ओटोलिथ म्हणतात. त्यातल्या एकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. ती दोघांनी स्वतंत्रपणे मोजायची, आणि माशाची लांबी न बघता. मासा मोठा आहे हे कळलं की मन एखादं वलय जास्तच बघतं. असे शेकडो खडे वाचले की कोणत्या वर्षाची पिढी किती तगली ते समजतं. मासळीची आवक वर-खाली होते ती बरीचशी एखाद्या वर्षीची पिल्लं जगल्या-न जगल्यामुळे, हे नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं.

तेव्हा संख्याशास्त्र लागणारच, आणि संगणकावर आकडे हाताळणंही. समीकरणांची भीती असेल तर ती सरावाने जाते, अशी मुलं पुढे उत्तम काम करतात. पण आकड्यांचा कंटाळाच असेल तर दुसऱ्या वर्षापासून जड जाईल. अर्ज भरण्याआधी महिनाभर एक कर: जवळच्या पाण्याचं तापमान रोज भल्या पहाटे आणि दुपारी, त्याच जागी मोज आणि आलेख काढ. त्या रेषा अशा का गेल्या, हा प्रश्न तुला छळू लागला तर खुशाल अर्ज भर.

आता घरच्यांचा प्रश्न. मत्स्यशेतीला कमी लेखू नका, असं त्यांना माझ्या वतीने सांग. जलचर प्राण्यांचं शेतीतलं जागतिक उत्पादन २०२२ मध्ये पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांच्या पुढे गेलं. आणि ते शिकावंही लागतं. तळ्यात ऑक्सिजनअभावी मासे मरतात ते बहुधा पहाटे. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं, पण शेवाळ, जिवाणू, मासे यांचं श्वसन चालूच राहतं. दुपारी मोजणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. हे कळायला परिसंस्थाच कळावी लागते.

दोन्ही विषय एकत्र हवेत याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं. तिथे १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. पुढे त्याच्या निर्यातीचा मोठा धंदा उभा राहिला, आणि तिथल्याच छोट्या सिक्लिड माशांच्या पुष्कळ जाती नाहीशा झाल्या. धंद्याच्या हिशेबात भरभराट, सरोवराच्या हिशेबात विध्वंस. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी वाचू शकणारी माणसं कमी आहेत, म्हणून मला हा जोडविषय मनापासून आवडतो.

कामं म्हणशील तर मत्स्यसाठ्याचं मूल्यमापन, मत्स्यबीज केंद्र, माशांचे रोग, खाद्यनिर्मिती, पाण्याच्या गुणवत्तेची देखरेख, धरण-बंदरांच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास. संशोधनाच्या जागांना बहुधा पदव्युत्तर शिक्षण लागतं, हे आत्ताच गृहीत धर.

विभाग निवडताना माहितीपत्रकातल्या छायाचित्रांवर जाऊ नकोस. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचार: प्रत्यक्ष पाण्यावर किती दिवस गेलात? नमुने स्वतः घेतलेत की नुसते पाहिलेत? संख्याशास्त्र खऱ्या आकडेवारीवर शिकवलं की फळ्यावर? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा विभाग बघ.

बोट लागण्याची काळजी नको. बऱ्याच जणांना लागते आणि काही दिवसांत शरीर रुळतं. नाहीच रुळलं तरी नद्या, तळी आणि प्रयोगशाळा आहेतच. पोहायला मात्र प्रवेशाआधी शीक.