आधी निवेदकाकडे बघ

प्रिय,

प्रबंधाचा आराखडा वाचला. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या ग्रीक शुभवर्तमानांतल्या (म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या) आजाऱ्यांना बरे करण्याच्या गोष्टींत येशूचे शब्द जुळतात, म्हणून एकाने दुसऱ्याचं समोर ठेवून लिहिलं, असं तुझं म्हणणं. परीक्षक लगेच विचारतील: गुरूचे शब्द शिष्यांनी पाठ केले असतील तर?

म्हणून येशूचे शब्द तूर्त बाजूला ठेव, निवेदकाचे बघ. पक्षाघाती माणसाची गोष्ट घे: मार्क अध्याय २, मत्तय ९, लूक ५. पापांची क्षमा करण्याचा अधिकार मनुष्याच्या पुत्राला आहे हे तुम्हांला कळावं म्हणून... इथे येशूचं वाक्य (‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे तो स्वतःच) अर्ध्यात तुटतं. निवेदक मध्येच सांगतो की आता तो आजाऱ्याशी बोलतोय, आणि मग येते आज्ञा: ऊठ. तोंडी सांगणारा एवढं नुसतं मान वळवून भागवेल. तिघांचंही वाक्य त्याच जागी तुटतं, ते लिहिलेला मजकूर समोर असल्याशिवाय कठीण.

उलट चौथं शुभवर्तमान, योहान ५ बघ. यरुशलेममधलं तळं, ३८ वर्षं आजारी असलेला माणूस, आणि ‘ऊठ, आपली बाज उचलून चालू लाग’ हे मार्कशी जवळजवळ शब्दशः जुळणारं वाक्य. पण गाव निराळं, प्रसंग निराळा. इतकं सुटसुटीत वाक्य तोंडोतोंडीही फिरतं. त्यावर इमले बांधू नकोस.

साम्यावरून नातं कळतं. कोणी कोणाचं घेतलं, ते नाही. त्यासाठी विसंगती हुडकावी लागते. मार्कमध्ये दारात गर्दी, म्हणून चौघे छप्पर उकरून बाज खाली सोडतात आणि येशू ‘त्यांचा विश्वास पाहून’ बोलतो. (लूक तिथे कौलं घालतो, बहुधा त्याच्या वाचकांची घरं तशी.) मत्तयाने दारातली गर्दी गाळली, छप्परही गाळलं, विश्वास पाहणं मात्र ठेवलं. काय पाहिलं बुवा? कुष्ठरोग्याच्या गोष्टीत तर कमालच. मत्तय ८ मध्ये मोठा जमाव मागे चालतोय, आणि येशू बऱ्या झालेल्याला बजावतो, कुणाला सांगू नकोस! मार्क १ मध्ये हा जमाव नाही, तिथे ती ताकीद शोभते. बायबलचे अभ्यासक मार्क गुडएकर यांनी १९९८ मध्ये अशा जागांना संपादकाचा थकवा म्हटलं. सुरुवातीला बदल करायचा, पुढे मूळ मजकुराच्या ओघात वाहून जायचं. मत्तयाने मार्कचं घेतलं, याला मला हा पुरावा सगळ्यांत वजनदार वाटतो.

मत्तय आणि लूक यांनी एकमेकांचं न बघता मार्कवरून लिहिलं, असं मानलं तर एक अडचणीची जागा उरते, ती मात्र लपवू नकोस. पक्षाघाताच्या गोष्टीत मार्कचा बाजेसाठीचा गावठी ग्रीक शब्द मत्तय आणि लूक दोघेही टाळतात, सुरुवातीला एकच सभ्य शब्द घालतात, आणि शेवटी माणूस ‘आपल्या घरी गेला’ असं दोघेही लिहितात. मार्कमध्ये तो सगळ्यांदेखत बाहेर पडतो, एवढंच. गावठी शब्द दोघांनाही खटकला असेल. आज्ञाच ‘घरी जा’ अशी होती, तेव्हा ‘घरी गेला’ हेही सहज सुचेल. पण दोन्ही, एकाच गोष्टीत? लूकने मत्तय वाचला होता म्हणणाऱ्यांना इथे बळ मिळतं. यासाठी दोन पानं राख; योहानाची कमी कर.

तुझा,
सर